मुदत कोणाला, भुर्दंड कोणाला

संसदेच्या एखाद्या समितीला मुदतवाढ मिळाली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो बघा, नुसता टाइमपास चाललाय, ज्यांना निवडून दिलं त्यांना काम करू द्या ना, चर्चाच करत बसलं तर देश पुढे कधी जाणार. दुसरा म्हणतो संसदेचा रबर स्टॅम्प करून टाकला, सगळं घाईत उरकतात, विचारणारं कोणी राहिलंच नाही. एक देश एक निवडणूकच्या संयुक्त समितीच्या वेळी हेच ऐकलं, वक्फच्या वेळी हेच, टीव्हीवर हेच आणि आमच्याकडे खानदेशात चोपड्याच्या स्टँडवर चहा पिताना पण हेच. मला दोन्ही तटांचं बोलणं चुकीच्या जागी अडकलेलं वाटतं. दोघं पण फक्त वेळ मोजतायत, किती महिने लागले नाहीतर किती तासात बिल पास झालं. प्रश्न हा आहे की मुदत कोणाला लावलीय आणि ती उलटली तर नुकसान कोणाचं होतं. आज संसदेच्या छाननीच्या ज्या मुदती आहेत त्या उलटल्या की फायदा बहुतेक वेळा सरकारचा होतो, मग सरकार कोणत्याही पक्षाचं असो, आणि भुर्दंड बसतो लोकांना. हे उलटं करायला पाहिजे. मुदत संपली की अडचण मंत्रालयाची झाली पाहिजे, खेड्यातल्या माणसाची नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आता ते का ते सांगतो.

कायदे संसद करते हे आपण शाळेत शिकलो, पण रोज आपल्या अंगाला जे लागतं तो बहुतेक वेळा कायदा नसतो, नियम असतो. कायद्यात एक कलम असतं की केंद्र सरकार नियम करू शकेल, आणि मग फी किती, फॉर्म कोणता, अर्ज कोणाकडे, दंड किती, सूट कोणाला, हे सगळं मंत्रालय अधिसूचना काढून ठरवतं. गॅझेटमध्ये छापून आली की लागू. संसदेच्या पटलावर, म्हणजे सभागृहांपुढे, ती नंतर येते. तिथं ती एकूण तीस दिवस राहते, एकाच अधिवेशनात किंवा लागोपाठची दोन-तीन मिळून, आणि त्याच्या लगेच पुढचं अधिवेशन संपायच्या आत दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर ती बदलता येते किंवा रद्द करता येते. कोणी काहीच केलं नाही तर आहे तशी चालू. आणि समजा रद्द झालीच, तरी तोपर्यंत तिच्याखाली जे काही केलं गेलं ते वैधच राहतं, असं त्याच कलमात लिहून ठेवलेलं असतं. म्हणजे सरकारने फक्त गप्प बसायचं, दिवस जाऊ द्यायचे, काम झालं. हे तपासायला लोकसभेत १९५३ पासून एक खास समिती आहे, राज्यसभेत १९६४ पासून, प्रत्येकी १५ सदस्यांची. या समित्यांनी चांगले अहवाल दिलेत, पण त्यांच्या हातात शिफारस करण्यापलीकडे काही नाही. आणि सभागृहात हा विषय निघतो तरी कधी? इंटरनेट कंपन्यांसाठीचे २०११ चे नियम घ्या, एप्रिल २०११ मध्ये निघाले, ते रद्द करा असा प्रस्ताव राज्यसभेत खासदार पी. राजीव यांनी मांडला तो मे २०१२ मध्ये, चर्चा झाली, सगळ्या बाजूंनी शंका काढल्या, मंत्र्यांनी सगळ्यांशी बोलतो म्हणून आश्वासन दिलं आणि प्रस्ताव आवाजी मतदानाने पडला. नियम लागू होऊन तेरा महिने झालेले. तरी हे मोठं उदाहरण, कारण निदान चर्चा तरी झाली.

आता आपल्या कापसाकडे या. १८ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने अधिसूचना काढून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, ३० सप्टेंबरपर्यंत. संसदेचं पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपलं. २८ ऑगस्टला, म्हणजे अधिवेशन उठल्यावर आठवड्यात, ही सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. हिवाळी अधिवेशन १ ते १९ डिसेंबर. आता हिशोब करा. पटलावर तीस दिवस राहायला पाहिजेत, डिसेंबरात मिळून एकोणीसच, बाकीचे बजेट अधिवेशनात म्हणजे सूट संपून गेल्यावर. छाननीची मुदत पुरी होण्याच्या आतच ज्याची छाननी करायची ते संपलेलं! आणि याच काळात आमच्याकडे काय चालू असतं? धरणगाव, एरंडोल, पारोळा, शिंदखेडा, शहादा, सगळीकडे वेचणी. ज्याच्या घरात लग्न आहे, ज्याला सोसायटीचं कर्ज भरायचंय तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस विकून मोकळा होतो, त्याला साठवून ठेवणं परवडत नाही. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला, आणि खेडा खरेदीत व्यापारी त्याच्या खाली मागत होता, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, सेंटरवर ओलाव्याचं आणि नोंदणीचं वेगळंच. भाव सगळा आयातीमुळेच पडला असं मी म्हणणार नाही, जागतिक बाजार पण मंदच होता. पण हा निर्णय योग्य की अयोग्य हे आपल्या खासदारांनी विचारायचं होतं ना? त्यांनी विचारण्याची जी कायदेशीर खिडकी आहे ती उघडेपर्यंत कापूस शेतकऱ्याच्या घरातून जाऊन गाठी पण बांधून झाल्या होत्या. केळीचा घड कापून ट्रकमध्ये भरल्यावर बागेला पाणी द्यायचं का यावर बैठक बोलवायची, तसला हा प्रकार.

यावर समोरचा जो मुद्दा आहे तो हलका नाही, तो नीट ऐकून घेतला पाहिजे. सरकारला झटपट निर्णय घ्यावेच लागतात. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड उद्योग अडचणीत आला, सूतगिरण्या आणि गारमेंटवाल्यांना कच्चा माल स्वस्त मिळाला नाही तर तिथला कामगार घरी बसतो, आणि तो कामगार पण कुठल्या तरी शेतकऱ्याचाच पोरगा असतो. शुल्क कमी करायचं असेल तर महिनाभर चर्चा करून चालत नाही, आधीच बोभाटा झाला तर साठेबाजी होते. शिवाय वर्षाला इतक्या अधिसूचना निघतात की ५४३ खासदार बाकी सगळं सोडून वाचायला बसले तरी उरकणार नाहीत, आणि त्यातल्या कितीतरी निव्वळ तांत्रिक असतात, कोणत्या अधिकाऱ्याच्या जागी कोण, कोणता फॉर्म बदलला वगैरे. कोरोनात रोज आदेश निघत होते ते संसदेत मंजूर करून काढले असते तर काय झालं असतं? हे सगळं मला मान्य आहे. निर्णय आधी आणि छाननी नंतर, ही पद्धत मला पण नाइलाजाने पटते.

पण "नंतर" याचा अर्थ "कधीच नाही" असा कसा होऊ शकतो? आपल्या घटनेनेच याचं उत्तर दिलेलं आहे. अध्यादेश बघा. संसद चालू नसताना तातडी आहे म्हणून सरकार अध्यादेश काढू शकतं, तो कायद्याइतकाच पक्का असतो, पण संसद भरल्यापासून सहा आठवड्यात मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप मरतो. म्हणजे घाई करायची मुभा दिली आणि घड्याळ लावलं ते सरकारच्या मागे. संसद गप्प बसली तर अध्यादेश जातो. नियमांच्या बाबतीत बरोबर उलटं, संसद गप्प बसली तर नियम पक्का. मोठ्या कायद्याच्या ताकदीच्या गोष्टीला एवढी कडक मुदत आणि लाखो लोकांच्या पोटावर येणाऱ्या अधिसूचनेला काहीच नाही, याला काय तर्क आहे मला कळत नाही. अर्थात सरकारं या घड्याळातून पण पळवाट काढतात. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश विधिमंडळापुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले, एक तर जवळपास चौदा वर्षं. हे शोधून काढलं पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या डी. सी. वाधवा या प्राध्यापकांनी, गॅझेटं चाळून चाळून, आणि ते सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये कोर्टाने हा घटनेशी केलेला कपट आहे असं ठरवलं. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की घड्याळ सरकारवर लावलेलं होतं म्हणून तर कपट पकडता आलं. जिथं मुदत उलटल्याने काही बिघडतच नाही तिथं कोर्टात जाऊन काय सांगणार?

दुसरा आक्षेप समित्यांवरचा, आणि तो लोकांना जास्त पटतो. समिती म्हणजे बिल मारून टाकायची जागा. लोकपालचं पहिलं बिल १९६८ चं आणि कायदा झाला २०१३ मध्ये, महिला आरक्षणाचं पहिलं बिल १९९६ चं आणि पास झालं २०२३ मध्ये. डेटा संरक्षणाचं २०१९ चं बिल संयुक्त समितीकडे गेलं, दोन वर्षं बसली, मुदतवाढीवर मुदतवाढ घेतली, ८१ दुरुस्त्या सुचवल्या आणि शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने बिलच मागे घेतलं. मग कशाला हवी समिती? प्रश्न रास्त आहे. समितीला पण कडक मुदत पाहिजे आणि मुदतवाढ एकदाच, कारण सांगून, सभागृहाच्या मताने, हे मी तर आजच मान्य करतो.

पण ही उदाहरणं जरा खरवडून बघा ना. महिला आरक्षणाचं बिल सप्टेंबर १९९६ मध्ये आलं, खासदार गीता मुखर्जींच्या संसदीय समितीकडे गेलं आणि त्या समितीने डिसेंबर १९९६ मध्ये अहवाल देऊन टाकला. तीन महिने! उरलेली सव्वीस-सत्तावीस वर्षं समितीने नाही खाल्ली, ती सरकारांनी आणि पक्षांनी खाल्ली. बियाणांचं बिल डिसेंबर २००४ मध्ये राज्यसभेत आलं, कृषीच्या स्थायी समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, शेतकऱ्याचा स्वतःचं बियाणं वापरायचा हक्क, बोगस बियाणाची भरपाई, सगळं त्यात आलं, आणि ते बिल पुढे पासच झालं नाही. आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी कुठं तरी बियाणं उगवत नाही, पंचनामे होतात, फोटो काढतात, आणि भरपाईला ग्राहक आयोगात हेलपाटे मारावे लागतात. तो उशीर समितीच्या खात्यावर टाकायचा का? कीटकनाशकांचं तर बघवत नाही. मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा सरकारनेच काढला, धोकादायक आहेत म्हणून, आणि अंतिम आदेश यायला २०२३ उजाडलं, त्यात बहुतेक सुटली. मधली तीन वर्षं फवारणी करणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून तीच औषधं मारत होता. इथं कोणती संसदीय समिती आडवी आली होती?

आणि डेटा कायद्याचं पुढचं ऐका. समितीत दोन वर्षं गेली म्हणून ओरडणाऱ्यांनी २०२३ मध्ये नवीन बिल आणलं, ते कोणत्याही समितीकडे पाठवलं नाही, ३ ऑगस्टला मांडलं, ९ ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहात पास, ११ ला राष्ट्रपतींची सही. आठवड्यात सगळं. आणि त्याचे नियम कधी आले? नोव्हेंबर २०२५ मध्ये. सत्तावीस महिने. त्यातही कंपन्यांवरची मुख्य बंधनं आणखी अठरा महिन्यांनी. ज्या बिलाला समितीसाठी चार महिने देता येत नव्हते त्याला मंत्रालयाच्या टेबलावर सव्वादोन वर्षं कशी काय मिळाली? कामगार संहितांचं तेच, एक २०१९ मध्ये आणि तीन २०२० मध्ये पास, लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९ चा, नियम ११ मार्च २०२४ ला. हा कायदा तुम्हाला आवडो किंवा न आवडो, माझा मुद्दा वेगळा आहे. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यात नियम करायचे, नाही जमलं तर दोन्ही सभागृहांच्या समित्यांकडून मुदतवाढ मागायची, असा दंडक आहे. मंत्रालयाने मागितली, पुन्हा मागितली, परत मागितली आणि प्रत्येक वेळी मिळत गेली. मुदत अशी की जी कधी संपतच नाही. ज्या लोकांना त्या कायद्याने काही मिळणार होतं ते पण ताटकळले आणि ज्यांना त्याची भीती होती ते पण.

या बाबतीत आमच्या सातपुड्याएवढा अनुभव क्वचितच कोणाला असेल. पेसा कायदा २४ डिसेंबर १९९६ चा. आदिवासी गावांच्या ग्रामसभेला गौण वनोपज, पाणवठे, दारू, सावकारी, जमीन यावर अधिकार देणारा. संसदेने त्यात मुदत पण घातली होती, राज्याचा जो कायदा याच्याशी जुळत नसेल तो जास्तीत जास्त एक वर्ष चालेल म्हणून. महाराष्ट्राने पंचायत कायद्यात दुरुस्ती तशी लवकर केली, पण नियम केले २०१४ मध्ये. सतरा वर्षं! धडगाव-अक्कलकुव्यात १९९६ मध्ये जन्मलेलं पोर मतदार झालं तेव्हा त्याच्या ग्रामसभेचे नियम आले. सातपुडा ओलांडून पलीकडे बडवानी-खरगोनात गेलात तर मध्य प्रदेशचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर एकाच समाजाची माणसं, नातीगोती सगळी सारखी, आणि हक्कात आठ वर्षांचा फरक, कारण काय तर दोन सचिवालयांचा वेग वेगळा. या मधल्या काळात ग्रामसभेने ठराव केला की ऑफिसात एकच उत्तर, कायदा आहे पण नियम नाहीत. म्हातारी माणसं अहिराणीत विचारायची, कायदा शे ना भो, मंग नियम काबर नहीत? याचं उत्तर द्यायला कोणी बांधील नव्हतं, कारण उत्तर न दिल्याने कोणाचं काही अडत नव्हतं, अडत होतं ते फक्त तेंदूपत्ता आणि मोहफुलं गोळा करणाऱ्याचं. आणि इच्छा असली की होतं पण. वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये पास झाला, एक जानेवारी २००८ ला नियम हातात. त्यानंतर दाव्यांचं काय झालं, किती फेटाळले, किती लटकले ही वेगळी आणि दुःखाची कथा आहे, पण नियम वर्षभरात करता येतात हे सिद्ध झालं ना.

घाईने वेळ वाचतो हा जो समज आहे तो तर २०२०-२१ ने कायमचा मोडायला हवा होता. तीन कृषी कायदे जूनमध्ये अध्यादेशाने आले, सप्टेंबरमध्ये बिलं पास झाली, समितीकडे पाठवा ही मागणी फेटाळली, राज्यसभेत कसा गोंधळ झाला तो सगळ्यांनी पाहिला. खानदेशात या कायद्यांवर दोन मतं होती, अजून आहेत, बाजार समितीच्या बाहेर विकायची मुभा बऱ्याच कापूस आणि केळीवाल्यांना हवीच होती. मग झालं काय? वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले, ते पण चर्चा न करता. येताना घाई, जाताना पण घाई. स्थायी समितीत तीन-चार महिने पंजाबचा, महाराष्ट्राचा, बिहारचा शेतकरी, अडते, बाजार समित्या यांना बोलावून ऐकलं असतं तर कदाचित कायदे वेगळे झाले असते, कदाचित टिकले असते. ज्यांना ते कायदे मनापासून हवे होते त्यांनीच खरं तर समितीची मागणी करायला पाहिजे होती. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के बिलं समित्यांकडे गेली होती आणि सतराव्या लोकसभेत फक्त १६ टक्के. पहिल्या लोकसभेचं कामकाज वर्षाला सरासरी १३५ दिवस चालायचं, सतराव्याचं ५५. आपलं राज्य पण काही वेगळं नाही, २०२५ चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन एका आठवड्यात आटोपलं. बसायचे दिवसच एवढे कमी केल्यावर संसद उशीर करते म्हणून तिलाच दोष द्यायचा, हे कसं?

उशिराचा आरोप घटना समितीवर पण झाला होता. फैजपूरच्या मातीतल्या माणसाला हे आठवायला पाहिजे, कारण डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या यावल तालुक्यात झालं, आणि ब्रिटिशांनी लिहून दिलेला १९३५ चा कायदा नको, लोकांनी निवडलेल्या घटना समितीनेच राज्यघटना करावी ही मागणी तिथून जोरात मांडली गेली. पुढे ती समिती बसली तेव्हा जवळजवळ तीन वर्षं लागली, आणि लोक म्हणायला लागले किती हा वेळ आणि किती हा पैसा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी याचा हिशोबच मांडला. अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, पण त्यांच्यापुढे आपल्याएवढी कलमं नव्हती आणि दुरुस्त्यांचा प्रश्नच नव्हता. इथं ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला सभागृहात उत्तर द्यावं लागलं त्याचा तो वेळ होता. आज आपण ज्या वेळेला वाया गेलेला म्हणतो त्यातला कुठला असा उत्तरं देण्यात गेलेला आहे आणि कुठला फाईल दाबून ठेवण्यात, हा फरक तरी करणार की नाही?

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियातली पद्धत मला सगळ्यात सरळ वाटते. तिथं नियम नोंदवल्यापासून कामकाजाच्या सहा दिवसात संसदेपुढे ठेवावा लागतो, नाही ठेवला तर तो रद्द. ठेवल्यावर कामकाजाच्या पंधरा दिवसात कोणीही खासदार तो रद्द करण्याची नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीवर पुढच्या पंधरा दिवसात निर्णय झाला नाही तर नियम आपोआप रद्द धरला जातो. म्हणजे चर्चा टाळून सरकारला काही मिळत नाही, उलट नियम हातचा जातो, म्हणून सरकार स्वतःच चर्चेला वेळ काढतं. एका सभागृहाने नाकारलं तरी पुरतं. आणि दिवस मोजायचे ते कामकाजाचे, सुट्टीत घड्याळ चालत नाही. आपल्याकडे हे सरसकट सगळ्या अधिसूचनांना लावा असं मी म्हणत नाही. ज्यांनी आयात-निर्यात, शुल्क, हमीभावाची पिकं, जमीन, जंगल, मजुरी, खासगी माहिती यावर परिणाम होतो तेवढ्यांना लावा, बाकीच्या तांत्रिक कागदांना आत्ताची पद्धत पुरे.

यावर जिनिंगवाले, निर्यातदार लगेच म्हणतील की नियम असा लटकता ठेवला तर आम्ही सौदे कसे करायचे. बरोबर आहे त्यांचं. पण आत्ता तरी कुठं स्थिर आहे? डिसेंबर २०२३ मध्ये एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली, मार्चपर्यंत म्हणाले, मग मार्चमध्ये पुढे वाढवली, मेमध्ये उठवली, साक्री-धुळ्याच्या कांदेवाल्याला आज लागवड करताना उद्याचं माहीत नव्हतं. कापसाच्या गाठींच्या दर्जाचा आदेश २०२३ मध्ये काढला आणि लागू व्हायची तारीख पुढे पुढेच सरकवत नेली. संसदेची ठरलेली तारीख असेल तर निदान त्या दिवशी निकाल लागेल हे तरी कळेल. दुसरा धोका मला जास्त मोठा वाटतो, तो हा की आपोआप रद्द होण्याची तरतूद वापरून उद्या एखादं सरकार लोकांच्या फायद्याचा नियम मुद्दाम मरू देईल, वनहक्काचा नाहीतर रोजगार हमीचा. म्हणून हक्क देणारे नियम यातून वगळायला पाहिजेत, ते रद्द करायचे तर उघड मतदान घेऊन, कोण कुठल्या बाजूला हे दिसू द्या. आणि नियमच केले नाहीत तर? तिथंही घड्याळ मंत्रालयाच्या मागे लावता येतं. कायदा करतानाच संसदेने नमुना नियम परिशिष्टात जोडायचे, सहा महिन्यात सरकारने स्वतःचे केले तर ते, नाही केले तर परिशिष्टातले लागू. पेसाला हे केलं असतं तर १९९७ मध्येच सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर नियम असते.

हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये, कारण खालच्या माणसाला मुदत लावायला आपल्याला कधीच अवघड गेलं नाही. माहिती अधिकारात तीस दिवसात उत्तर दिलं नाही तर दिवसाला २५० रुपये दंड, २५ हजारांपर्यंत. महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क कायद्यात २०१५ पासून दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तलाठ्याने, ग्रामसेवकाने ठरलेल्या दिवसात काम करायचं, शेतकऱ्याने पीक विम्याची सूचना ७२ तासात द्यायची नाहीतर दावा बाद. त्या ७२ तासात मोबाईलला रेंज नव्हती, नदीला पूर होता, हे कोणी ऐकतं का? मुदत पाळायची शिस्त खेड्याला जमते तर दिल्लीतल्या मंत्रालयाला का जमू नये.

आणि मुदत लोकांना मत मांडायला द्यायची तेव्हा तर ती नेमकी तोकडी निघते. पर्यावरण परिणामांच्या अधिसूचनेचा मसुदा २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात आला, साठ दिवसांची मुदत, मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत, शेवटी दिल्ली हायकोर्टाने ११ ऑगस्टपर्यंत मुदत वाढवली आणि बाकीच्या भाषांत भाषांतर करा म्हणून सांगितलं. २०१४ पासून केंद्राचं स्वतःचं धोरण आहे की मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा. त्या बियाणांच्या कायद्याचंच बघा, २००४ पासून एकवीस वर्षं लटकलेला विषय, त्याचा नवा मसुदा नोव्हेंबर २०२५ च्या मध्याला आला आणि सूचना पाठवायची शेवटची तारीख ठेवली ११ डिसेंबर. सरकारला एकवीस वर्षं आणि शेतकऱ्याला चार आठवडे, ते पण कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी एकत्र चालू असताना. तो कायदा संसदेत येईल तेव्हा जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबारच्या आपल्या चारही खासदारांनी तो स्थायी समितीकडे पाठवायची मागणी करावी, समितीला नव्वद दिवसांची मुदत मागावी, तिची एक बैठक दिल्लीच्या बाहेर कापूस पट्ट्यात घ्यायला लावावी, आणि बोगस बियाणाच्या भरपाईचे नियम किती दिवसात येणार आणि नाही आले तर काय, हे कलम कायद्यातच लिहून घ्यावं. आपण त्यांना आत्ताच, अधिवेशनाच्या आधी, गाठून हे सांगायला पाहिजे.